आयसीयूतली सिस्टर कुठे शिकते?

चार वर्षांपूर्वी बाबांना न्यूमोनिया झाला. तालुक्याच्या गावातून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी हॉस्पिटलात हलवलं आणि थेट आयसीयूत घेतलं. मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने पोचलो. भेटायची वेळ संपली होती, पण दारावरच्या मामांनी "पाच मिनिटं जा, चप्पल काढून" म्हणत आत सोडलं.

मी सॉफ्टवेअरवाला. सवयीप्रमाणे बाबांच्या तोंडाकडे बघायच्या आधी मॉनिटरकडे बघितलं. ऑक्सिजन ९६, नाडी १०४, श्वास २२. सगळं हिरव्या-पिवळ्यात, लाल काहीच नाही. माझा जीव भांड्यात पडला. आमच्या कंपनीत डॅशबोर्ड असा दिसला की आम्ही चहाला जातो.

तेवढ्यात ड्युटीवरच्या सिस्टर आल्या. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मॉनिटरकडे बघितलं नाही. बाबांच्या छातीवर अलगद हात ठेवला आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. मग विचारलं, "काका, आज जेवण काय झालं?" बाबा म्हणाले, "थोडी..." थांबले, श्वास घेतला, "...पेज."

"दादा, तुम्ही बाहेर थांबा," असं मला सांगून त्या फोनकडे गेल्या. दारातून जाताना ऐकू आलं ते एवढंच : "सर, बेड चार. मॉनिटर बावीस दाखवतोय, पण मी मोजले तर चौतीस आहेत. मानेचे स्नायू वापरतायत, एक वाक्य पूर्ण होत नाहीये. सॅच्युरेशन चांगलं आहे ते मास्कमुळे. तुम्ही येऊन बघा."

डॉक्टर आले. तासाभरात बाबा व्हेंटिलेटरवर होते. नंतर डॉक्टरांनी समजावलं की ही गोष्ट पहाटे कळली असती तर धावपळीत, कदाचित हृदय थांबल्यावर, नळी घालावी लागली असती. बाबा नवव्या दिवशी वॉर्डात आले, विसाव्या दिवशी घरी. आज ते सकाळी फिरायला जातात आणि मला फोनवर शेअर मार्केटचे सल्ले देतात.

मी त्या सिस्टरना नंतर विचारलं होतं, "तुम्हाला कसं कळलं?" त्या म्हणाल्या, "बघून."

माझी मावसबहीण दहा वर्षं आयसीयूत नर्स आहे. तिला हे सांगितलं तर ती वैतागली. "बघून कळतं म्हणे! अरे, बघायला शिकवावं लागतं. तुला चार वर्षं इंजिनिअरिंग शिकवलं, तरी तू मॉनिटरच बघत बसलास ना?"

तिथून मी वाचायला लागलो. डॉक्टर कसा तयार होतो हे आपल्याला ढोबळमानाने माहीत असतं : नीट, एमबीबीएस, एमडी. आयसीयूतली नर्स कशी तयार होते, याचा विचार मी तरी कधी केला नव्हता. तो इतिहास फार जुना नाही. जेमतेम सत्तर वर्षांचा आहे.

मशीन नव्हतं, म्हणून माणसं उभी केली

अगदी मुळापासून सुरुवात करायची तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलपर्यंत जावं लागेल. १८५४ साली क्रिमियन युद्धात ती ३८ नर्स घेऊन स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली. जास्त गंभीर रुग्णांना नजरेच्या टप्प्यात ठेवावं, ही कल्पना त्या काळातली. पण आज आपण जिला आयसीयू म्हणतो, तिचा जन्म साधारणपणे १९५२च्या कोपनहेगनमध्ये मानला जातो.

त्या उन्हाळ्यात डेन्मार्कमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. शहरातलं साथरोगांचं इस्पितळ म्हणजे ब्लेगडॅम. या साथीतल्या पोलिओने कित्येकांचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायूच लुळे पडत होते. अशा रुग्णांसाठी इस्पितळाकडे होता एक 'आयर्न लंग', म्हणजे माणसाला मानेपर्यंत आत ठेवून बाहेरून दाब बदलणारी लोखंडी टाकी, आणि छातीवर बसवायची सहा छोटी यंत्रं. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

इस्पितळाचे प्रमुख लासेन यांनी ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. तोवर भूलतज्ज्ञाचं काम ऑपरेशन थिएटरच्या दाराशी संपायचं. इब्सेनने केसपेपर आणि शवविच्छेदनं बघितली. या रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसत होतं आणि इतर डॉक्टर त्याचा अर्थ 'रक्त अल्कधर्मी झालंय' असा लावत होते. इब्सेन म्हणाला, उलट आहे. श्वास अपुरा पडल्यामुळे शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतोय, हा त्याचा परिणाम आहे. माणसं विषाणूने नाही, गुदमरून मरतायत.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी विवी एबर्ट नावाची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजत होती. इब्सेनने तिच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालून घेतली, ती रबरी पिशवीला जोडली आणि पिशवी हाताने दाबत फुप्फुसांत हवा भरायला सुरुवात केली. मुलगी वाचली.

पण आता पुढे काय? पिशवी दाबायला माणूस हवा, तोही चोवीस तास, कित्येक आठवडे. आणि साथीच्या ऐन भरात असे सत्तरेक रुग्ण एकाच वेळी होते. कोपनहेगनच्या मेडिकल कॉलेजातले विद्यार्थी पाळ्या लावून बोलावले गेले. एकूण सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे १,६५,००० तास पिशव्या दाबल्या. आधी अशा रुग्णांपैकी ८७ टक्के मरत होते. ते प्रमाण पुढच्या काही महिन्यांत निम्म्याहूनही खाली आलं.

ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात खूप वेळा सांगितली जाते, आणि सांगावी अशीच आहे. पण ताईने ती ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला : "विद्यार्थी पिशवी दाबत होते ना? मग नळीतला कफ कोण काढत होतं? दर दोन तासांनी कूस कोण बदलत होतं? पोटात अन्न कसं जात होतं?"

अर्थात ते नर्स करत होत्या. नळीत कफ अडकला की पिशवी कितीही दाबा, हवा आत जात नाही. लुळं पडलेलं शरीर एकाच कुशीवर राहिलं की पाठीला जखमा होतात आणि फुप्फुसांत पाणी साठतं. श्वास चालू ठेवणं हे अर्धंच काम होतं.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९५३मध्ये, इब्सेनने कोपनहेगनच्याच म्युनिसिपल इस्पितळात गंभीर रुग्णांसाठी कायमचा विभाग सुरू केला. साथ संपली तशी पिशवी दाबणारी मुलं वर्गात परत गेली. हळूहळू त्यांच्या जागी व्हेंटिलेटर आले. पण या यंत्राशेजारी चोवीस तास राहणार कोण, याचं उत्तर ठरून गेलं होतं. डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. बेडशेजारी नर्स असते. फक्त तिला हे काम शिकवायचं कोणी आणि कसं, हे अजून कोणाला माहीत नव्हतं.

शॉक कोण देणार?

या प्रश्नाचं पहिलं ठाम उत्तर मिळालं ते अमेरिकेत, हृदयविकाराच्या निमित्ताने.

१९६०च्या आसपास हार्ट अटॅक आलेला माणूस इस्पितळात पोचला तरी त्याला साध्या वॉर्डात झोपवून ठेवत. दाखल झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के तिथेच मरत. त्यातले बरेच मृत्यू हृदयाचं पंपिंग बिघडल्यामुळे नव्हते, तर त्याची लय अचानक बिघडल्यामुळे. हृदय ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरत राहतं. त्यावर उपाय नुकतेच हाती आले होते : १९६०मध्ये छाती न उघडता बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत आणि १९६२मध्ये बर्नार्ड लाऊन यांचा सुधारित डीसी डिफिब्रिलेटर.

उपाय होता, पण वेळ नव्हता. लय बिघडल्यापासून तीन-चार मिनिटांत शॉक मिळाला नाही तर मेंदू हातचा जातो. नर्सने बघायचं, डॉक्टरला फोन करायचा, डॉक्टरने जिना चढून यायचं, ईसीजी वाचायचा आणि मग शॉक द्यायचा, यात ती मिनिटं संपून जात. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिमची लेटन्सी रुग्णाच्या सहनशक्तीपेक्षा जास्त होती. आणि ही लेटन्सी यंत्रात नव्हती, नियमात होती. निदान करणं आणि उपचार देणं हे डॉक्टरचं काम, असा दंडक होता.

फिलाडेल्फियाच्या प्रेसबिटेरियन हॉस्पिटलमध्ये १९६२-६३च्या सुमारास लॉरेन्स मेल्ट्झर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि रोझ पिनिओ या नर्स यांनी एक प्रयोग मांडला. हृदयरुग्णांसाठी छोटा विभाग, प्रत्येक बेडला मॉनिटर, आणि लय ओळखायचं व गरज पडली तर डॉक्टरची वाट न बघता शॉक द्यायचं शिक्षण घेतलेल्या नर्स. मेल्ट्झरचं म्हणणं स्पष्ट होतं : हा विभाग म्हणजे यंत्रांची खोली नाही, ती मुळात नर्सिंगची एक व्यवस्था आहे. यंत्रं विकत घेऊन ती नेहमीच्याच नर्सच्या हाती दिली तर उपयोग नाही.

त्यासाठी काय शिकवावं लागलं? हृदयातल्या विजेचा मार्ग. ईसीजीच्या पट्टीवरची कुठली नागमोड निरुपद्रवी आणि कुठली पुढच्या मिनिटाला जीव घेणार. कुठल्या औषधाने नाडी मंदावते. आणि सगळ्यात अवघड म्हणजे निर्णय घ्यायची सवय. दोघांनी आपल्या एका सहकारी डॉक्टरसोबत १९६५ साली नर्ससाठी एक हँडबुक काढलं. नर्सने ईसीजी वाचावा की नाही यावर जिथे वाद होता, तिथे नर्सच्याच हातात तो वाचायचं पुस्तक आलं.

पुढच्या काही वर्षांत असे विभाग अमेरिकाभर आणि बाहेरही पसरले. इस्पितळात दाखल झालेल्या हार्ट अटॅकच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. १९६९मध्ये या नर्सनी स्वतःची संघटना काढली. ती आधी हृदयविभागापुरती होती, लवकरच सगळ्या क्रिटिकल केअर नर्सची झाली. १९७६पासून ही संघटना स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षाही घेऊ लागली.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली ती ही : शॉक द्यायचा अधिकार नर्सला मिळाला, कारण ते काम शिकवता येतं हे आधी सिद्ध झालं. आणि शिक्षण द्यायची वेळ आली, कारण अधिकार न देऊन माणसं मरत होती. दोन्ही गोष्टी एकमेकींना ओढत पुढे गेल्या.

'मी वन-हंड्रेड केलंय'

ब्रिटनमध्ये या शिक्षणाला सरकारी चौकट मिळाली. १९७० साली इंग्लंड आणि वेल्ससाठी एक संयुक्त मंडळ नेमलं गेलं. नर्सिंग पूर्ण केलेल्यांसाठी विशेष विषयांचे अभ्यासक्रम ठरवायचे आणि ते चालवणाऱ्या इस्पितळांना मान्यता द्यायची, हे त्याचं काम. प्रत्येक अभ्यासक्रमाला क्रमांक होता. आयसीयू नर्सिंगचा क्रमांक होता १००. पुढे १९८३मध्ये हे काम इंग्लिश नॅशनल बोर्डाकडे, म्हणजे ईएनबीकडे गेलं आणि कोर्सचं नाव पडलं 'ईएनबी १००'. दोन पिढ्यांच्या ब्रिटिश नर्स 'मी वन-हंड्रेड केलंय' एवढंच म्हणत आणि ऐकणाऱ्याला बाकी सगळं कळत असे.

हा कोर्स इस्पितळातच चालायचा. शिकवणारे तिथलेच, रुग्ण तिथलेच. नव्वदच्या दशकात नर्सिंगचं शिक्षण विद्यापीठांकडे सरकलं, तसे हे कोर्सही पदवी आणि पदव्युत्तर पातळीवर गेले. २००२मध्ये ईएनबी बंद झालं. यात फायदा होता : शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र, संशोधन वाचणं हे जास्त खोलात जाऊन शिकवलं जाऊ लागलं. तोटाही होता. आता प्रत्येक विद्यापीठाचा कोर्स वेगळा. एखादीकडे डिप्लोमा आहे म्हणजे तिला डायलिसिसचं यंत्र हाताळता येतं का, हे नुसत्या कागदावरून सांगता येईना.

यावर उपाय म्हणून गेल्या दशकात तिथल्या क्रिटिकल केअर नर्सनीच देशभरासाठी समान कौशल्यांची चौकट आणली. सुरुवातीला तिच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली पायरी आयसीयूत नवीन आलेल्या नर्सची. ती सुरुवातीचे काही आठवडे रोस्टरमध्ये मोजलीच जात नाही, तिच्या नावावर स्वतंत्र रुग्ण नसतो, ती अनुभवी नर्सच्या हाताखाली असते. दुसरी आणि तिसरी पायरी विद्यापीठाच्या कोर्सच्या जोडीने होते. प्रत्येक कौशल्य कुणीतरी प्रत्यक्ष बघून सही करायची. आणि विभागासाठी निकष असा की किमान निम्म्या नर्सकडे क्रिटिकल केअरमधली नोंदणीनंतरची शैक्षणिक पात्रता असावी. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स, हा तिथला दंडक.

हे वाचताना मला आमच्या कंपनीतला पहिला महिना आठवला. प्रॉडक्शन सर्व्हरला हात लावू देण्याआधी सहा आठवडे मी एका सीनियरच्या शेजारी बसून होतो. तो सर्व्हर पडला असता तर लोकांची किराणा ऑर्डर उशिरा पोचली असती, एवढंच.

बुद्धिबळ, वैमानिक आणि नर्स

आता 'बघून कळतं'कडे परत येतो. त्यामागचा इतिहास माझ्या क्षेत्राशी भलत्याच वाटेने जोडलेला निघाला.

ह्युबर्ट ड्रेफस हे बर्कलीमधले तत्त्वज्ञ. त्यांनी १९७२ साली संगणकाला काय जमणार नाही यावर एक पुस्तक लिहिलं आणि तेव्हाच्या एआयवाल्यांचा रोष ओढवून घेतला. त्यांचे भाऊ स्टुअर्ट गणितज्ञ. दोघांनी अमेरिकन हवाई दलासाठी वैमानिक, बुद्धिबळपटू वगैरे कसे तरबेज होतात याचा अभ्यास केला आणि १९८०मध्ये पाच टप्पे मांडले. नवशिका माणूस नियम पाळतो. हळूहळू त्याला प्रसंगाप्रमाणे नियम वाकवता येतात. निष्णात माणूस नियम आठवत बसत नाही, त्याला अख्खी परिस्थिती एकदम दिसते.

पॅट्रिशिया बेनर या नर्सिंगच्या संशोधकाने हे टप्पे उचलले आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या नर्सच्या मुलाखती घेऊन ते पडताळले. त्यावरचं तिचं पुस्तक १९८४चं. नवशिकी नर्स 'श्वास तीसच्या वर गेला तर कळवा' हा नियम पाळते. अनुभवी नर्सला तीस व्हायच्या आधीच माणसाच्या चेहऱ्यावरून, त्याच्या बसण्याच्या ढबीवरून काहीतरी बिनसल्याचं जाणवतं. एआयवर टीका करणाऱ्या माणसाची कल्पना जगभरच्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांत गेली, आणि आमच्या सॉफ्टवेअरच्या जगातही 'ज्युनिअर-सीनियर' काय असतं हे सांगायला हेच पाच टप्पे वापरले जातात.

पण यात एक खाच आहे. नुसती वर्षं गेली म्हणून कोणी पाचव्या टप्प्यावर पोचत नाही. दहा वर्षं एकच चूक करणारेही असतात. अनुभवाचं ज्ञान व्हायला मागे शास्त्र लागतं, आणि आपण बघितलं ते बरोबर होतं का हे सांगणारं कोणीतरी लागतं. पदव्युत्तर शिक्षणाचं खरं काम हे.

दुसरी खाच : नर्सला कळलं, पण डॉक्टरने ऐकलं नाही तर? त्यासाठीही आता शिकवतात. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधून आलेली, मग तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलसाखळीने वापरात आणलेली 'एसबार' नावाची पद्धत आहे. आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतंय, तुम्ही काय करावं. चार वाक्यांत सांगायचं. बाबांच्या सिस्टरचा फोन आठवून बघा. ते घाबरून केलेलं बोलणं नव्हतं. त्यांना कुणीतरी, कधीतरी, असं बोलायला शिकवलं होतं.

आकडेवारीही याच बाजूने आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ इस्पितळांमधले ऑपरेशनचे रुग्ण तपासले. नर्सच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या ३०० इस्पितळांच्या अभ्यासात पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. हे अभ्यास फक्त आयसीयूचे नाहीत. आणि असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण ठामपणे सिद्ध करत नाहीत, हेही खरं. पण एवढ्या मोठ्या आकड्यांत हेच चित्र पुन्हा दिसतं, तेव्हा नर्सचं शिक्षण हा खर्च आहे की उपचार, हा प्रश्न पडतोच.

आणि आपल्याकडे?

भारतात नर्सिंगची पदवी १९४६मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झाली. १९४७च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिलची तरतूद झाली. मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया यांच्यासारख्यांनी आयसीयूचा पाया घातला आणि १९९३मध्ये मुंबईतच क्रिटिकल केअरच्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. डॉक्टरांसाठी या विषयाच्या पदव्या आल्या. नर्ससाठी कौन्सिलने एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा ठेवला. तरीही बहुतेक आयसीयूंमध्ये नर्स शिकल्या त्या सीनियर सिस्टरच्या मागे फिरून.

मोठं पाऊल पडलं २०१६-१७च्या सुमारास. कौन्सिलने 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला. बीएस्सी नर्सिंग आणि किमान एक वर्षाचा अनुभव ही प्रवेशाची अट. त्यात वर्गातला वेळ थोडा, साधारण पाचवा हिस्सा. बाकी सगळं प्रत्यक्ष आयसीयूत आणि लॅबमध्ये. पॅथोफिजिऑलॉजी, औषधशास्त्र, रुग्णाची सखोल तपासणी, व्हेंटिलेटरची व्यवस्था, लॉगबुकात प्रत्येक कौशल्याची नोंद. शिकून बाहेर पडलेल्या नर्सने हॉस्पिटलने ठरवलेल्या प्रोटोकॉलच्या चौकटीत काही निर्णय स्वतः घ्यावेत, ही अपेक्षा. मेल्ट्झर आणि पिनिओ फिलाडेल्फियात जे करत होते त्याचंच हे भारतीय रूप, पन्नासहून अधिक वर्षांनी आलेलं.

मग कोविड आला. २०२०च्या वसंतात ब्रिटनला एकास एक हा दंडक सैल करावा लागला. एका आयसीयू-प्रशिक्षित नर्सच्या देखरेखीत सहापर्यंत रुग्ण, मदतीला इतर विभागांतून आलेल्या नर्स. आपल्याकडे मैदानांत जम्बो सेंटरं उभी राहिली. व्हेंटिलेटर आलेत पण ते चालवायला माणसं नाहीत, अशा बातम्या तेव्हा आपण सगळ्यांनी वाचल्या. कोपनहेगनमध्ये माणसं होती, यंत्रं नव्हती. आपल्याकडे नेमकं उलटं झालं होतं. यंत्र पंधरा दिवसांत ट्रकने येतं. नर्सला मात्र तयार व्हायला वर्षं लागतात.

त्या दिवसांत ताईच्या वाट्याला रात्रपाळीत चार-चार व्हेंटिलेटरचे रुग्ण होते. तिच्या हाताखाली दिलेल्या मुली नुकत्या पास झालेल्या. "त्यांना शिकवू की रुग्ण बघू, हेच कळत नव्हतं," ती सांगते. त्या काळातल्या काही रात्रींबद्दल ती अजूनही बोलत नाही. मीही विचारत नाही.

गेल्या वर्षी तिने त्या दोन वर्षांच्या कोर्सचा फॉर्म आणला. आठ दिवस तो फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला होता. दोन वर्षं पगार कमी किंवा बंद, लेकीची शाळा, फ्लॅटचा हप्ता. हे सगळं सांभाळताही आलं असतं. ती अडली ती दुसऱ्याच प्रश्नावर. "कोर्स करून परत आले की मी कोण? पद कुठलं? पगार किती? इथे अशी पोस्टच नाहीये. मी प्रोटोकॉलने एखादा निर्णय घेतला आणि उद्या काही झालं, तर माझ्या पाठीशी कुठला कागद?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फिलाडेल्फियात शिक्षण आणि अधिकार हातात हात घालून आले होते. आपल्याकडे शिक्षण आलं, अभ्यासक्रम चांगला आहे, पण बहुतेक ठिकाणी अधिकार, पद आणि पगार अजून मागेच आहेत. अशा वेळी हुशार नर्स काय करते, तर आयईएलटीएसचा क्लास लावते.

बाबा बरे झाल्यावर दोन महिन्यांनी मी पेढे घेऊन त्या हॉस्पिटलात गेलो होतो. त्या सिस्टर नव्हत्या. "त्या इंग्लंडला गेल्या," काउंटरवरची मावशी म्हणाली. "तिकडे जास्त देतात." पेढे मी तिथल्या नव्या सिस्टरना दिले. त्या बावीस-तेवीस वर्षांच्या असतील, आयसीयूत येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. बाबांच्या सिस्टर तिकडे कुठल्याशा आयसीयूत पहिल्या पायरीपासून सुरुवात करत असतील, कुणीतरी शेजारी उभं राहून त्यांच्या वहीत सह्या करत असेल. इथल्या या मुलीच्या नावावर त्याच दिवशी तीन बेड होते.

ताईने फॉर्म भरलाय. निकाल पुढच्या महिन्यात आहे. मी तिला विचारलं, "पदाचं काय ठरलं?" ती म्हणाली, "काही नाही ठरलं. पण त्या मुलींना शिकवायला कोणीतरी शिकलेलं लागेल ना."